शंभर मीटरचा विषाणू

घटक चाचणीचे पेपर तपासत होते, आठवीचे, सामान्य विज्ञान. पहिल्याच धड्यात सूक्ष्मजीव आहेत आणि त्यांचे आकार दिलेत, जीवाणू १ ते १० मायक्रोमीटर (मिमीचा हजारावा भाग), विषाणू १० ते १०० नॅनोमीटर (मायक्रोमीटरचा हजारावा भाग) वगैरे. एका मार्काचा प्रश्न, विषाणूचा आकार किती. ४६ पोरांपैकी अकरा जणांनी लिहिलं १० ते १०० मिमी, म्हणजे काकडीएवढा विषाणू, आणि एकानं तर छान अक्षरात लिहिलं होतं, १० ते १०० मीटर. मी स्टाफरूममध्ये एकटीच हसले आणि मग जरा वेळानं हसू गेलं, कारण ज्या पस्तीसेक जणांनी बरोबर लिहिलं होतं त्यांना तरी नॅनोमीटर म्हणजे काय कळलं होतं का? मलाच विचारलं असतं की बाई, कोणी मोजलं हे आणि कशानं, तर मी "इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप" एवढं बोलून पुढच्या ओळीवर गेले असते.

आमची शाळा सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित, लॅब आहे पण ती बरीचशी कपाटात आहे. शनिवारी सकाळची शाळा आणि आठवीला दप्तर नसतं, तर म्हटलं चार शनिवार हेच करू, लहान लहान वस्तू मोजायच्या. चारचे सहा झाले ती गोष्ट वेगळी.

पहिल्या शनिवारी पट्टी सोडून काहीच द्यायचं नाही असं ठरवलं होतं. विज्ञानाचं पुस्तक घ्या आणि त्यातल्या एका पानाची जाडी सांगा. पट्टीवर एक मिमीच्या खाली रेघच नाही मग कसं, तर दोन मिनिटांत कोणीतरी म्हणालंच की सगळी पानं एकत्र मोजू आणि भागू. कव्हर सोडून पानं चिमटीत धरली, जाडी घेतली, भागाकार केला, आणि फळ्यावर उत्तरं लिहायला लागले तर वर्गाचे सरळ दोन गट. अर्ध्यांचं ०.१ मिमीच्या आसपास आणि अर्ध्यांचं ०.०५. दोन्हीकडची पोरं ठाम, भांडणंच. मी पण क्षणभर गोंधळले आणि मग लक्षात आलं की निम्म्यांनी शेवटच्या पानावर छापलेला आकडा घेऊन भागलंय, आणि तो आकडा पृष्ठांचा असतो, एका कागदाला दोन पृष्ठं! मला ही चूक इतकी आवडली की मी ती लगेच सांगितली नाही, ऑफिसातून झेरॉक्सच्या कागदाचं न फोडलेलं रीम मागवलं, त्यावर लिहिलेलंच असतं ५०० कागद, मोजा म्हटलं. ५.१ सेमी आलं. म्हणजे ०.१०२ मिमी. मग ०.०५ वाल्यांनीच स्वतःची चूक शोधली, एका पोरीनं कागद उलटून दाखवला, "हे दोन्ही बाजूंनी मोजलं की आपण."

मग मोहरी. वीस दाणे पट्टीला लावून ओळीत, ३.६ सेमी, म्हणजे एक दाणा १.८ मिमी. खसखस पंचवीस दाणे २.३ सेमी. खसखस लावताना मागच्या बाकावर कोणीतरी शिंकलं आणि त्या बाकाची खसखस संपली, विषय बंद. शिवणाचा दोरा पेन्सिलीला गुंडाळला, चाळीस वेढे ११ मिमीत, म्हणजे ०.२७ च्या आसपास. इथवर सगळे खूश, एकदम सोपं आहे म्हणून. मग मी म्हटलं आता केस.

केस पेन्सिलीला गुंडाळून बघा एकदा. पन्नास वेढे घालायचे तर सत्तावीस-अठ्ठाविसाव्याला सुटतो, तेल लावलेला असेल तर घसरतो, धुतलेला असेल तर उडतो, आणि शेजारी शेजारी वेढा बसतोय की फट राहतेय हे डोळ्याला दिसतच नाही. एका गटानं जिद्दीनं पन्नास पूर्ण केले आणि ६ मिमी आलं, म्हणजे ०.१२ मिमी. मी विचारलं, फटी राहिल्या असतील तर खरी जाडी याच्यापेक्षा जास्त की कमी? जवळजवळ सगळा वर्ग म्हणाला जास्त! दहा मिनिटं गेली यात, मग दोन बोटांच्या मध्ये फट ठेवून दाखवल्यावर कुठं आवाज आला, "कमी, कमी." चुकून किती जास्त आलंय हे कळत नाही, पण चूक कुठल्या बाजूला झालीय हे कळू शकतं, हे मी त्यांना मुद्दाम वहीत लिहायला लावलं. मला स्वतःला हे बी.एस्सी.ला कुणी असं सांगितलं नव्हतं, आम्ही आपलं "मानवी चुका" असं लिहून मोकळे व्हायचो.

दुसऱ्या शनिवारी पाऊस आणि लाईट नव्हती म्हणून गोष्टी सांगत बसले. पण ती गोष्ट मला वाटलं त्यापेक्षा जास्त चालली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लांबीच्या मापांचं एक कोष्टक आहे, आठ परमाणू म्हणजे रथाच्या चाकानं उडालेल्या धुळीचा एक कण, तसे आठ म्हणजे एक लिक्षा, आठ लिक्षा म्हणजे एक यूका, आठ यूका म्हणजे एक यव, आणि आठ यव म्हणजे एक अंगुल. यूका म्हणजे ऊ आणि लिक्षा म्हणजे लीख, एवढं सांगितलं आणि वर्ग गेलाच हातातून, मुली वेणीवर हात ठेवून हसतायत, मुलं एकमेकांच्या डोक्यात बोटं घालतायत. मी म्हटलं हसून झालं असेल तर हिशोब करा, अंगुल दोन सेमी धरा. यव आलं अडीच मिमी, ठीक, जवाचा दाणा असतो तेवढा जाड. यूका आली ०.३ मिमी. आणि तिथे खिडकीजवळची एक पोरगी, जी वर्षभर वर्गात बोलत नाही, ती उभी राहिली, "मॅडम, ऊ एवढी बारीक नसते. तिळाएवढी असते. मी रोज काढते बहिणीच्या."

आता काय बोलणार, बरोबरच आहे तिचं. मोठी ऊ दोन-तीन मिमी असते. आणि लीख या हिशोबानं येते ०.०४ मिमी, म्हणजे केसापेक्षा बारीक, जी केसालाच चिकटलेली डोळ्यांना दिसते ती! मला वाटतं खालच्या पायऱ्यांवर कोणी काही मोजत बसलं नसणार, आठानं भागत गेले आणि जे लहानात लहान माहीत होतं त्याची नावं देत गेले. तरी शेवटपर्यंत गेलो, परमाणू येतो ०.०००६ मिमी, म्हणजे ०.६ मायक्रोमीटर. "म्हणजे विषाणूपेक्षा मोठा परमाणू!" हे शंभर मीटरवाल्यानं म्हटलं, याची मी नोंद घेतली.

याला जोडूनच लेवेनहूक सांगितला, हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी, स्वतः घासलेल्या भिंगातून सूक्ष्मजीव बघितले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्रं पाठवली, १६७० नंतरची गोष्ट. त्याच्याकडे मायक्रोमीटर वगैरे काही नव्हतं, तर तो वाळूच्या कणाशी तुलना करायचा, केसाशी करायचा, आणि उवेच्या डोळ्याशी. इथे पण ऊ! पोरांना आता खात्री झालीय की विज्ञान हे सगळं उवांच्या जिवावर चाललंय. मला यात एवढंच सांगायचं होतं की माप म्हणजे कशाशी तरी तुलना, आणि ती ज्याच्याशी करतो ती वस्तू सगळ्यांकडे सारखी पाहिजे, त्या बहिणीच्या डोक्यातली आणि डेल्फ्टमधली ऊ एकच असेल याची गॅरंटी नाही.

तिसऱ्या शनिवारी स्क्रू गेज, म्हणजे स्क्रू फिरवून बारीक जाडी मोजायचं साधन. आमच्याकडे नाहीत, शेजारच्या ज्युनिअर कॉलेजच्या लॅबमधून सहा आणले, रजिस्टरवर सही करून, त्यातले चार चालणारे. हे अकरावीचं साधन आहे, आठवीला कशाला, असं स्टाफरूममध्ये ऐकायला मिळालंच. पण शिकवायला अवघड गेलं नाही. एक पूर्ण फेरा म्हणजे स्क्रू १ मिमी पुढे, फेऱ्याचे शंभर भाग, म्हणजे एक भाग ०.०१ मिमी, हेच लीस्ट काउंट. नटबोल्ट सगळ्यांनी फिरवलेला असतो, तेवढं पुरतं. पोरांना सांगितलं की बघा इथे पण तीच युक्ती, लहान गोष्ट मोठी करून मोजायची, पुढे सरकणं एवढंसं पण फिरणं मोठं, आणि आपण फिरणं वाचतो.

गोंधळ झाला तो दुसराच. एक गेज बंद केल्यावर शून्यावर येत नव्हतं, तीन भाग पुढेच. झिरो एरर हा शब्द मी नंतर सांगणार होते, पण त्या गटाचा केस ०.११ आला आणि बाकीच्यांचा ०.०७, ०.०८, तर त्यांना वाटलं आपल्या मैत्रिणीचा केस जाड आहे आणि ती पोरगी रडवेली झाली. मग तोच केस दुसऱ्या गेजवर, ०.०८. मग परत पहिल्यावर, ०.११. मग काही नसताना बंद केलं तर ०.०३. शब्द सांगायची गरजच राहिली नाही, तिनंच वजाबाकी केली. आणखी एक, रॅचेटची (टोकाची छोटी फिरकी, वस्तू पुरेशी धरली गेली की वाजते ती) टिक-टिक ऐकायच्या ऐवजी काही पोरं सरळ मुख्य दांडाच आवळायची, बोल्ट कसल्यासारखा, आणि केस चेपून ०.०५ यायचा. एकाच केसाची तीन मापं फळ्यावर, आणि पोरं माझ्याकडे बघतायत, मॅडम खरं कुठलं?

ते मलाही हवं होतं. लीस्ट काउंटच ०.०१ आणि केस सात-आठ भाग, एक भाग इकडेतिकडे झाला तरी केवढा फरक. म्हणून चौथ्या शनिवारी लेझर.

हा प्रयोग सगळ्यांना माहीत असेल, लेझरच्या वाटेत केस उभा धरला की समोरच्या भिंतीवर आडवी ठिपक्यांची ओळ दिसते, उजेड-अंधार-उजेड-अंधार, आणि त्या अंतरावरून केसाची जाडी काढतात. माझी अडचण होती सूत्राची. तरंगलांबी, विवर्तन (बारीक वस्तूच्या कडेनं उजेड वळून पसरतो ते), हे आठवीला कुठून सांगू, आणि न सांगता सूत्र फळ्यावर लिहून "यात किंमती घाला" म्हटलं तर मग नुसता विषाणूचा आकार पाठ करण्यात आणि यात फरक काय. आठवडाभर हेच डोक्यात. सुचलं ते गणिताच्या पुस्तकामुळे, आठवीलाच चलन नावाचा धडा आहे, सम चलन आणि व्यस्त चलन. सूत्र नकोच, आधी माहीत असलेल्या जाडीच्या वस्तू लावू आणि काय होतं ते बघू.

वर्गातल्या एकाचे वडील पंख्याच्या आणि पंपाच्या मोटारी रिवाइंड करतात. त्यांच्याकडून ३६ नंबर आणि ४० नंबरची तांब्याची तार आणायला सांगितली, वीतभर वीतभर. (नंबर मोठा तितकी तार बारीक, यावरून पण पाच मिनिटं वाद झाला.) स्क्रू गेजवर, झिरो एरर नसलेल्या, तारेवरच्या वार्निशच्या थरासकट एक आली ०.२१ मिमी आणि दुसरी ०.१४.

मांडणी अशी, पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी कापून तिच्यात तार किंवा केस ताणून सेलोटेप लावायचा. लेझर म्हणजे जत्रेत मिळतो तो किचेनवाला, लाल. सुरुवातीला मी हातात धरला तर भिंतीवरचा ठिपका असा थरथरतो की काही दिसेना, मग कपडे वाळत घालायचा चिमटा बटणावर लावला आणि लेझर दोन विटांच्या मध्ये. केसापासून भिंत बरोबर चार मीटर, टेप लावून. खिडक्यांना गॅदरिंगचे पडदे. आणि नियम, लेझरला हात फक्त माझा, सगळी पोरं लेझरच्या मागे, कोणीही पुढे जाऊन आत डोकावायचं नाही, भिंतीवर कागद चिकटवायला जाणारा आधी सांगणार, मग मी बंद करणार, मग तो जाणार. असल्या स्वस्त लेझरवर किती पॉवर लिहिलंय त्यावर माझा काडीचा विश्वास नाही, त्यामुळे यात मी खडूस झाले, चालेल.

पहिली तार लावली आणि भिंतीवर ती ओळ उमटली तेव्हा जो आवाज झाला त्यानं बाजूच्या वर्गावरचे सर बघायला आले. पोरांनी ड्रॉइंग पेपरवर काळ्या जागांवर पेन्सिलीनं खुणा केल्या, पडदे उघडले, मोजलं. एका अंतरात चूक व्हायला नको म्हणून डावीकडच्या तिसऱ्या अंधारापासून उजवीकडच्या तिसऱ्या अंधारापर्यंत, पानांच्या गठ्ठ्याचीच युक्ती. यात एक खड्डा आहे, मधला उजेडाचा पट्टा दुप्पट रुंद असतो, म्हणून त्या सहा खुणांत पाच फटी दिसत असल्या तरी सहा धरायच्या. दोन गट त्यात पडले, मी पडू दिलं.

०.२१ ची तार, ७.५ सेमी, भागिले ६, म्हणजे १२.५ मिमी. ०.१४ ची तार, ११ सेमी, म्हणजे १८.३ मिमी. बारीक तारेचं अंतर जास्त! हे सगळ्यांना उलटं वाटलं. मी फक्त विचारलं, चलनाच्या धड्यात असं कुठे होतं? गुणाकार करून बघा. २.६३ आणि २.५७. एकदम तंतोतंत नाही पण ओळखू येण्याइतका सारखा. व्यस्त चलन, गुणाकार स्थिर, २.६ धरू. (खरं म्हणजे हा २.६ म्हणजे लाल उजेडाची तरंगलांबी गुणिले ते चार मीटर, ६५० नॅनोमीटर धरलं तर बरोबर तेवढंच येतं, पण ते मी कोणाला सांगितलं नाही, दहावीनंतर कधीतरी भेटेल त्यांना.)

मग केस, तोच, जिचा ०.११ आला होता तिचा. ओळ अशी पसरली की कागद पुरेना, दुसरा जोडला. २०.४ सेमी, भागिले ६, ३४ मिमी. २.६ भागिले ३४. ०.०७६ मिमी. ७६ मायक्रोमीटर. तिनं स्वतः भागाकार केला आणि म्हणाली, "म्हणजे स्क्रू गेज बरोबरच होतं, त्याला फक्त पुढचं दिसत नव्हतं."

त्या दिवशी चौदा केस मोजले, ५० पासून ९५ मायक्रोमीटरपर्यंत आले, हेडमास्तरांचा पण एक मिळवला, तो कसा ते विचारू नका.

पाचवा शनिवार वाया गेला. ओलिक अ‍ॅसिडचा प्रयोग, जुन्या एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात होता तो. हे आम्ल म्हणजे एक प्रकारचं तेलच. पाण्यावर पावडर भुरभुरायची, त्यावर अगदी पातळ केलेल्या ओलिक अ‍ॅसिडचा एक थेंब, तो पसरून गोल होतो, गोलाचं क्षेत्रफळ मोजायचं, थेंबातल्या तेलाचं घनफळ माहीत, भागलं की थराची जाडी. मी पोषण आहाराची परात आणली. ती कितीही घासली तरी तिला आधीच कशाचा तरी ओशटपणा, थेंब टाकला तरी पावडर ढिम्म. पावडर पण जास्त झालेली, साय धरल्यासारखी. सगळे कंटाळले. तेव्हा वेळ काढायला मी बेंजामिन फ्रँकलिनची गोष्ट सांगितली, लंडनच्या क्लॅपहॅममधल्या तळ्यावर त्यानं चमचाभर तेल ओतलं आणि अर्धा एकर पाणी आरशासारखं शांत झालं, १७७४ साली ते छापून आलं, पण भागाकार त्यानं केलाच नाही. आणि अ‍ॅग्नेस पॉकेल्सची, जर्मनीतली, कॉलेजला जायला मिळालं नाही, घरी आजारी आईवडिलांचं करता करता भांडी धुवायच्या पाण्यावरच्या तवंगाचा अभ्यास केला, लॉर्ड रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाला पत्र लिहिलं आणि ते १८९१ मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं. भांड्यांच्या पाण्यातून हे सुरू झालं म्हटल्यावर मुली जरा सरसावून बसल्या.

सहाव्या शनिवारी नवा कोरा प्लास्टिकचा ट्रे, ४५ बाय ३० सेमी. एक मिली ओलिक अ‍ॅसिड स्पिरिटमध्ये मिसळून २० मिली, त्यातलं एक मिली घेऊन परत २० मिली, म्हणजे चारशेत एक. हे मिश्रण मी आदल्या दिवशीच केलं. ड्रॉपरचे किती थेंब म्हणजे एक मिली ते पोरांनी मोजलं, चाळीस. आधी नुसत्या स्पिरिटचा थेंब टाकून दाखवला, पावडर दूर पळते आणि परत येते. मग मिश्रणाचा थेंब. पावडर टचकन बाजूला आणि मध्ये स्वच्छ गोल, आणि तो तसाच राहिला. व्यास २० सेमी, क्षेत्रफळ ३१४ चौसेमी.

मग शून्यांचा कल्लोळ. थेंबात तेल ०.००००६२५ घन सेमी, भागिले ३१४, आणि कॅल्क्युलेटर न वापरता. पाच गटांची पाच उत्तरं, आकडा सगळ्यांचा २ च, शून्यं वेगवेगळी. शेवटी घातांकात लिहून सुटलं, २ नॅनोमीटर. शंभर मीटरवाल्यानं सावकाश म्हटलं, "मग हा थर विषाणूच्या पाचव्या भागाएवढा, आणि तो पण लहानात लहान विषाणूच्या." मी म्हटलं हो. आणि केसाएवढी जाडी व्हायला असे किती थर? ३८ हजार.

मला वाटलं झालं, पण मोटार रिवाइंडिंगवाल्यांचा पोरगा हात वर करून बसला होता. "मॅडम, तो तेवढाच का पसरला? अजून पातळ का नाही झाला?" मी म्हटलं कारण याहून पातळ होताच येत नाही, एका रेणूचा थर आहे. "कशावरून?" आता हे खरंच कशावरून, मी पुस्तकात वाचलं म्हणून. मग त्यानंच सुचवलं की दोन थेंब टाकून बघू, जाडी तीच राहणार असेल तर गोल दुप्पट क्षेत्रफळाचा झाला पाहिजे. ट्रे धुतला, नवं पाणी, दोन थेंब, गोल २८ सेमीच्या आसपास जाऊन ट्रेच्या लांबट कडांना जवळजवळ टेकला. हिशोबानं तेवढाच यायला पाहिजे. तरी त्याचं समाधान नाही, तीन थेंब पाहिजेत म्हणतो, नाहीतर दोन ठिपक्यांवर सरळ रेघ कोणीही काढेल. तीन थेंबांना ट्रे पुरत नाही. मोठी परात ओशट. शिपाई मामा म्हणाले गच्चीवर सोलरचं जुनं पत्र्याचं झाकण पडलंय, बघा चालतंय का. मी म्हटलं झाकण नको, मिश्रणच निम्म्या ताकदीचं करू, म्हणजे आहे त्याच ट्रेत चार थेंब बसतील. स्पिरिट संपलंय, ते मागवलंय.